नवी दुर्बीण : वापरायची कशी, निस्तरायची कशी

दुर्बीण आणल्यावर सर्वांत आधी तिची किंमत ठरवावी. दुकानात मोजली ती नव्हे, घरात सांगायची ती. दोन-तीन हजारांची दुर्बीण असेल तर घरचे लोक तिला खेळणं समजून सोडून देतात. झाइस, लाइका, स्वारोव्स्की अशा युरोपातल्या खानदानी घराण्यातली असेल तर आकडा लाखाच्या पुढे जातो आणि सांगायची वेळच येत नाही, कारण आपण ती घेतलेलीच नसते. पंचाईत होते ती मधल्यांची. माझी साडेचौदा हजारांची. हा आकडा जाणकारांना सांगितला की ते म्हणतात, "सुरुवातीला ठीक आहे." आईला सांगितला असता तर ती म्हणाली असती, "सुरुवातीलाच?" म्हणून मी घरी नऊ सांगितले. नवशिक्यांनी आपापल्या घराप्रमाणे कमी-जास्त करावं. बिल मात्र खोक्यात ठेवू नये.

खोक्यात दुर्बीण, गळ्यातला पट्टा, चार झाकणं, एक मऊ फडकं आणि अनेक भाषांतली माहितीपुस्तिका निघते. त्या भाषांत मराठी नसते, म्हणून हे टिपण. सिलिका जेलची इवलीशी पुडीही निघते. ती कचऱ्यात जाऊ देऊ नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात जशी पापडाला, तशी काचेलाही बुरशी लागते, आणि काच उन्हात वाळवून भागत नाही.

दुर्बिणीच्या अंगावर ८ × ४२ असं लिहिलेलं असतं. ते वाचण्याआधीच घरी आलेला पाहुणा विचारतो, "किती किलोमीटरचं दिसतं?" या प्रश्नाला उत्तर नाही. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर आहे आणि तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. पण असं उत्तर पाहुण्याला देऊ नये. तो चहा न घेता जातो. आठ म्हणजे आठ पट जवळ, इतकंच. झाडावरचा बुलबुल चाळीस मीटरवर असेल तर पाच मीटरवर आल्यासारखा दिसतो. बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. बेचाळिसाला आठाने भागलं की सव्वापाच येतात. तेवढ्या रुंदीचा उजेडाचा झोत डोळ्यापाशी पोचतो. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे केली की मागच्या काचांत दोन चकचकीत टिकल्या दिसतात, त्या याच. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढलं की पाचाच्या आसपास अडते. म्हणजे पन्नाशीच्या माणसाला हे माप बेतून शिवल्यासारखं बसतं. वयाचा फायदा झाल्याची माझ्या आठवणीतली ही पहिलीच वेळ.

दुकानदार आठाऐवजी दहा पटीची घ्या म्हणतो. घेऊ नये. पक्षी दहा पट होतो तसा हाताचा कंपही दहा पट होतो, आणि सकाळचा दुसरा चहा झालेल्या माणसाला तर समोरचा नारळ भूकंपात सापडल्यासारखा दिसतो.

आता दुर्बीण डोळ्यांना लावावी. हिंदी सिनेमात खलनायक दुर्बिणीतून बघतो तेव्हा पडद्यावर दोन वर्तुळं एकमेकांना चिकटलेली दाखवतात. आपल्यालाही तसंच दिसलं तर आनंदून जाऊ नये. मधल्या बिजागरीवर दोन्ही नळ्या जवळ-लांब करत राहिलं की एका क्षणी दोनाचं एकच स्वच्छ गोल वर्तुळ होतं. ते आपल्या दोन डोळ्यांमधलं अंतर. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी आयकप आत फिरवावेत, नसेल तर बाहेर काढावेत. हे मला चौथ्या दिवशी कळलं. तोवर मी जग पाइपातून बघत होतो आणि दुर्बिणीला नावं ठेवत होतो.

यानंतरची पायरी अवघड आहे आणि नव्वद टक्के लोक ती गाळतात (हा टक्का माझ्या नात्यातला आहे). आपले दोन डोळे एका नंबराचे नसतात. त्यासाठी उजव्या नळीवर, डोळ्याकडच्या बाजूला, डायऑप्टर नावाची रिंग असते. उजवी नळी पुढून हाताने झाकावी आणि डाव्या डोळ्याने बघत मधलं चाक फिरवून तारेवरचा कावळा स्पष्ट करावा. मग डावी नळी झाकावी आणि चाकाला अजिबात हात न लावता रिंग फिरवून तोच कावळा उजव्या डोळ्याला स्पष्ट करावा. इथवर येताना कावळा उडतो. दुसरा घ्यावा, तर तो वेगळ्या अंतरावर बसतो आणि सगळं पहिल्यापासून. तीन कावळे झाल्यावर मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या पाटीवर आलो. पाटी उडत नाही. रिंग शून्याच्या उजवीकडे दोन खुणांवर थांबली. तो आकडा लक्षात ठेवावा, कारण घरातलं प्रत्येक माणूस दुर्बीण हातात घेतल्याबरोबर जे जे फिरतं ते ते फिरवून बघतं.

पक्षी शोधायला दुर्बीण वापरू नये. हे वाक्य वाचून खोकं परत करावंसं वाटेल, पण खरं आहे. आठ पटीच्या दुर्बिणीतून चाळीस मीटरवरच्या झाडाचा जेमतेम पाच मीटरचा तुकडा दिसतो, आणि त्या तुकड्यात पानांखेरीज काही नसतं. पक्षी डोळ्यांनीच शोधावा, नजर त्याच्यावर खिळवून ठेवावी आणि दुर्बीण हळूच वर आणून डोळ्यांपुढे धरावी. मान खाली घालून दुर्बिणीकडे बघितलं की पक्षी गेलाच. अवघड वाटत असेल तर मालिका बघत जेवणाऱ्या माणसाकडे पाहावं. त्याचा घास कधी कानात जात नाही.

मधल्या किमतीच्या दुर्बिणीत काय उणं असतं, ते पहिल्याच संध्याकाळी कळतं. पांढऱ्या आभाळापुढचा कावळा बघितला तर त्याला जांभळट किनार दिसते. काठपदराचा कावळा. वर्तुळाच्या कडेला चित्र जरा पातळ होतं, आणि सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासात ती आपल्याइतकीच चाचपडू लागते. वजन पाऊण किलोला थोडं कमी. हे वजन श्रीखंडाचं असेल तर काही वाटत नाही, मानेवर तासभर असेल तर वाटतं. लाखाच्या दुर्बिणीत ही किनार जवळजवळ नसते म्हणे. मी तिच्यातून मुद्दाम बघितलेलं नाही. संसार टिकवायचा असेल तर बघू नये.

पण उण्याचं एवढं पुरे. पहिल्या दिवशी मी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर बसलेली साळुंकी बघितली. पन्नास वर्षं मी साळुंकीला ओळखतो असं समजत होतो. तिच्या डोळ्याभोवतीची पिवळी कातडी मागे कानशिलाकडे ओढल्यासारखी जाते, त्यामुळे ती सदैव कुणाचा तरी हिशेब चुकल्यासारखी बघते, हे मला माहीत नव्हतं. डोकं काळं आणि अंग तपकिरी, मध्ये कुठेही रेघ नाही, एक रंग दुसऱ्यात विरघळलेला. लांबच्या पाखरासाठी आणलेल्या वस्तूने पहिलं काय दाखवलं, तर रोज चपातीचा तुकडा नेणारी बाई. जवळचंही बघावं. चांगली ८ × ४२ दोन मीटरपर्यंत फोकस होते, तेव्हा कुंडीतली मुंगी मिशा साफ करताना दिसते. आणि दुर्बीण उलटी धरून डोळ्याकडची काच पानाजवळ नेली की ती चक्क भिंगासारखी चालते. दुकानदार हे सांगत नाही, कारण मग माणूस नुसतं भिंगच घेऊन जाईल.

सूर्याकडे मात्र कधीही, क्षणभरही, गंमत म्हणूनही बघू नये. डोळा कायमचा जातो. यात विनोद नाही.

रात्री गच्चीवर सतरंजी टाकून उताणं पडावं, कोपर जमिनीला टेकवावेत आणि गुरू आकाशात असेल तर त्याच्याकडे बघावं. हात थांबला तर शेजारी ओळीत दोन-तीन, नशिबात असतील तर चार टिंबं दिसतात, ते गुरूचे चंद्र. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत ती बघितली तेव्हा त्याला आधी ते तारेच वाटले होते. माझ्या मुलीलाही तसंच वाटलं. मला काचेवरचे डाग वाटले आणि मी ते पुसले.

नवशिक्याने पहिल्या महिन्यात भिगवणला जाऊ नये. मी गेलो. पुण्याहून सोलापूर रस्त्याला शंभरेक किलोमीटर, उजनीचं पाणी, कुंभारगावातून होडी. गळ्यात साडेचौदा हजार, होडीवाल्याच्या गळ्यात पंचा. लांब पाण्यावर काही ठिपके उठले. मी नजर खिळवतोय, दुर्बीण वर आणतोय, चाक उलट्या बाजूला फिरवतोय, तोवर तो वल्हं न थांबवता म्हणाला, "बारहेडेड हायती, सायेब." मिनिटभराने मला एकाच्या पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दिसले. पट्टकादंबच होते. हिमालय ओलांडून आलेले. त्याने ते उडण्याच्या तऱ्हेवरून ओळखले होते. परत येईपर्यंत मी दुर्बीण पिशवीत ठेवली.

आता सर्वांत महत्त्वाचं, गॅलरीतलं वर्तन. शहरात दुर्बीण लावलेला माणूस पक्षी बघत असतो यावर पक्षीसुद्धा विश्वास ठेवत नाहीत. म्हणून कठड्यावर पक्ष्यांचं पुस्तक उघडून ठेवावं, मुखपृष्ठ बाहेर. मधूनमधून "वा, बुलबुल!" असं मोठ्याने म्हणावं. हे सगळं करूनही दुसऱ्या दिवशी समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पडदा ओढला आणि तिसऱ्या दिवशी काका हाताची घडी घालून उभे राहिले.

अडचण अशी झाली की तोवर मला त्यांच्या गॅलरीत काहीतरी सापडलं होतं. कपडे वाळत घालायच्या दोरीच्या टोकाला जळमट लोंबत होतं. कोळ्याची जाळी, सालींचे कपचे, वाळकी पानं. तेवढ्यात बोटभर लांबीची एक पिवळसर पाखरीण चोचीत कापसाचा पुंजका घेऊन आली आणि जळमटाच्या कुशीतल्या भोकात शिरली. भोकावर छोटी पडवी होती. शिंजिराचं घरटं! आता हे काकूंना सांगायचं, तर त्यांच्या गॅलरीकडे बघत होतो हे कबूल करायला हवं. आणि कबूल केलं, तर शिंजिराचं कोण ऐकणार? अशा वेळी नवशिक्याने काय करावं हे मला माहीत नाही. मी चार दिवस गप्प बसलो.

रविवारी काकू केरसुणी घेऊन गॅलरीत आल्या. जाळी काढायला लागल्या. केरसुणी दोरीच्या टोकाकडे सरकू लागली. या प्रसंगी दुर्बीण आधी डोळ्यांवरून खाली घ्यावी आणि मग ओरडावं. मी क्रम चुकवला.

"काकू, हात लावू नका!"

दोन्ही इमारतींच्या गॅलऱ्या भरल्या. आतून आईने विचारलं, "कुणाला हात लावू नका?"

संध्याकाळी काकू जाब विचारायला आल्या. मी खुर्ची ओढली, दुर्बीण दिली. घरट्याचं तोंड आमच्या बाजूला होतं. त्यांच्या घरातून नुसती पाठ दिसणार. त्या म्हणाल्या, "दोन-दोन दिसतंय." मी बिजागरी दाबली. त्यांच्या चष्म्यासाठी आयकप आत फिरवले. रिंग त्यांनी स्वतःच फिरवली, शून्याच्या डावीकडे तीन खुणा. मग बोलणं थांबलं. चहावर साय धरली.

"हिनं माझ्या गोधडीचा कापूस नेलाय," बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या. "आणि मी ह्यांना बोलत होते."

आता रोज पाच वाजता त्या येतात, आईशेजारी बसतात आणि स्वतःच्या गॅलरीकडे बघतात. रिंग कायमची त्यांच्या नंबरावर आहे. माझ्या उजव्या डोळ्याला सगळ्या साळुंक्या धूसर दिसतात. परवा त्यांनी दुर्बीण खाली ठेवली, कमरेची पिशवी सोडली आणि मला म्हणाल्या, "मलाही अशीच एक मागवून द्या. आईंनी किंमत सांगितली." रोख नऊ हजार माझ्या हातात ठेवले. आई शेजारीच बसली होती, म्हणून मी ते मोजून खिशात घातले.