ध्येयाचे खाडे

गेल्या पावसाळ्यात आमच्या कंपनीनं आम्हा सव्वीस जणांना लोणावळ्याला नेलं आणि विचारलं, तुम्ही जगता कशासाठी? पगाराच्या तारखेला विचारलं असतं तर पटकन सांगता आलं असतं. पण विचारलं दुपारी अडीच वाजता, दोन-दोन गुलाबजाम पोटात गेल्यावर, एसी हॉलमध्ये. त्या वेळी माणूस कशासाठीही जगत नसतो. मान पुढे पडू नये, एवढंच बघत असतो.

प्रशिक्षक तिशीतला, कानामागून तोंडाशी माइक आलेला. म्हणाला, "डोळे मिटा." अर्ध्या हॉलनं ही सूचना आधीच अमलात आणली होती. "आता कल्पना करा, तुमची शोकसभा चाललीय. लोक तुमच्याबद्दल काय बोलतायत?"

हा व्यायाम स्टीफन कोवींचा. १९८९ साली आलेल्या त्यांच्या सात सवयींच्या पुस्तकात अशा वेळी चार माणसं बोलायला उभी राहतात: घरचा एक, एक मित्र, एक कामावरचा आणि एक समाजातला. मी इमानेइतबारे डोळे मिटून पाहिलं. शोकसभा काही दिसेना, थेट स्मशानच दिसलं. मित्र शेजारच्याला विचारत होता, "लाकडं की विद्युतदाहिनी?" म्हणजे किती वेळ मोडणार. कामावरचा फोनवर कुणाला तरी "अकरापर्यंत पोचतोच" म्हणून सांगत होता. घरचा माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स शोधत होता. आणि समाजातर्फे आलेले सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगच्या जागेकडे, म्हणजे मनातल्या मनात, बघत होते.

राहता राहिलं वर्तमानपत्र. तिथं मेलेल्या माणसाची मूल्यं छापून तयारच असतात. बाई गेली तर धार्मिक व प्रेमळ, पुरुष गेला तर मनमिळाऊ व परोपकारी. मग पश्चात पत्नी, मुलं, नातवंडं असा परिवार. मी मनमिळाऊ होणारच आहे, फक्त त्यासाठी मरावं लागेल.

गृहपाठ मिळाला: एका वाक्यात आयुष्याचं ध्येय आणि त्याला धरून पाच मूल्यं. सोमवारपर्यंत मेल करायची.

खरं तर हे काम मी सातवीतच उरकलं होतं. 'माझ्या जीवनाचे ध्येय', वीस ओळी, दहा गुण. मला डॉक्टर होऊन खेड्यात जायचं होतं. वर्गातल्या बेचाळीस जणांनाही तेच करायचं होतं, कारण गाईड एकच होतं. एवढे सगळे डॉक्टर एकदम आले असते तर त्या खेड्यातल्या लोकांना आजारी पडण्याच्या पाळ्या लावाव्या लागल्या असत्या. पुढे आमच्यातला एकही डॉक्टर झाला नाही.

रविवारी रात्री लेक म्हणाली, "बाबा, एआयला सांग ना." सांगितलं. त्यानं चार सेकंदांत सचोटी, सहानुभूती आणि सातत्य यांनी ओथंबलेलं वाक्य दिलं. वाचून मलाच माझ्याबद्दल आदर वाटला. सोमवारी कळलं, की सव्वीसपैकी अकरा जण याच तीन गोष्टींसाठी जगतायत. गाईड बदललं होतं, इतकंच.

आता संस्थांना ब्रीद असतं ते मला समजतं. आपल्या पोलिसांचं 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' कसं दणदणीत आहे. आयुर्विमा महामंडळानं तर ते थेट गीतेच्या नवव्या अध्यायातून घेतलं. एसटीवरचं 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' वाचत, खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरत मी लहानाचा मोठा झालो. पण ब्रीद संस्कृतात असण्यात एक सोय असते. कामाच्या वेळी ते कुणी समोर धरत नाही. माझं मराठीत होतं आणि घरात माझी आई होती.

मी आपला बेंजामिन फ्रँकलिनच्या नादी लागलो. विजेचा पतंग उडवणारा तोच. तरुणपणी त्यानं निर्दोष व्हायचं ठरवलं आणि तेरा सद्गुणांची यादी केली. खरे बाराच होते. एका मित्रानं त्याला सांगितलं, की लोक तुला गर्विष्ठ म्हणतात. तेव्हा नम्रता तेरावी घुसली. त्यानं वही आखली, वाराचे सात रकाने पाडले, चूक झाली की त्या चौकटीत काळा ठिपका. आठवड्याला एका गुणाकडे खास लक्ष, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. ठिपके खोडून खोडून वहीला भोकं पडली, तेव्हा ओल्या स्पंजानं पुसता येतील अशी हस्तिदंती पानं आणली. नीटनेटकेपणा त्याला जन्मभर जमला नाही, हे त्यानं वयाच्या ७९व्या वर्षात लिहून ठेवलंय. ते वाचून मला फार बरं वाटलं. माझं टेबल आणि फ्रँकलिन यांच्यात एक नातं निघालं.

हस्तिदंत कुठून आणणार? पण आखीव चौकटी घरातच होत्या. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या खिळ्याला कालनिर्णय, त्याच खिळ्याला दोऱ्यानं बांधलेलं लाल बॉलपेन. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केलं तेव्हा तिथी-वार बघण्यासाठी केलं असेल. आमच्याकडे ते दुधाचं खातं आहे. मी पाचांतली तीन मूल्यं गाळली (प्रवासाला निघताना सामान कमी असावं) आणि दोन ठेवली: चिडायचं नाही आणि पोटाला तडस लागेपर्यंत खायचं नाही. फ्रँकलिनच्या यादीतही मिताहार पहिलाच आहे. चिडलो तर त्या तारखेत 'रा', म्हणजे राग. जास्त खाल्लं तर 'खा'.

महिना बरा चालला होता. 'रा' सतराच झाले. पत्नी म्हणाली, "अहो, सुट्टीच्या दिवशी दोनदोन लिहायला हवेत." पण तो तपशील झाला.

एक तारखेला दूधवाला बिलाला आला. आईनं भिंतीवरून कालनिर्णय काढलं, चष्मा लावला, मागचं पान मोजलं आणि पैसे त्याच्या हातावर ठेवले. त्यानं मोजले, पुन्हा मोजले.

"आजी, हे कमी आहेत."

"अकरा खाडे वजा केलेत."

"अकरा? आजी, मी दोनच दिवस नव्हतो. सातला आणि एकोणीसला. गावी गेलो होतो."

"हे बघ. अकरा ठिकाणी 'खा' लिहिलंय. माझे डोळे अजून शाबूत आहेत."

मी आत दात घासत होतो. तसाच फेसासकट बाहेर आलो आणि आयुष्याचं ध्येय दाराच्या चौकटीत उभं राहून दूधवाल्याला समजावून सांगितलं. माणूस सालस. त्यानं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "म्हणजे साहेब, तुम्ही जास्त जेवलात ते माझ्या बिलातून कापलं?"

मग सुरू झाली फेरतपासणी. आई खुर्चीवर, कालनिर्णय मांडीवर, दूधवाला उंबऱ्यावर, किटली पायाशी. समोरच्या जोशीकाकूंनी ऐन त्याच वेळी पायपुसणं झटकायला काढलं आणि पुढची पंधरा मिनिटं त्या ते झटकत होत्या.

"तीन तारीख?" आईनं विचारलं.

"मिसळ," मी म्हणालो. "चार पाव."

"दहा?"

"संकष्टी. साबुदाणा वडे."

"उपासाला तडस?" दूधवाल्याला राहवलं नाही.

"बारा?" "सामोसे, ऑफिसात." "चौदा?" "थालीपीठ." "सोळा?" सोळाला काय खाल्लं ते मला आठवेना, पण स्वयंपाकघरातून पत्नीनं तत्परतेनं सांगितलं. अशी आठ पापं मी कबूल केली. फ्रँकलिनची वही निदान त्याच्या खिशात असायची. माझी जिन्यात वाचली जात होती.

अडलं तेवीस तारखेवर. तेवीसला आपण बेतानंच जेवलो, हे मी छातीठोकपणे सांगितलं. तेवीसला आपण दूध घातलं, हे त्यानं किटलीवर हात ठेवून सांगितलं. चौकटीत 'खा' तर स्पष्ट होतं. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता आणि माझ्या पाच मूल्यांत सचोटी पहिली होती. मी ती गाळली होती, ही गोष्ट वेगळी.

आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला.

"तेवीसला नातीचा वाढदिवस. बासुंदी केली होती मी. दूध आल्याशिवाय बासुंदी झाली का?" दूधवाल्यानं मान डोलावली. मग ती माझ्याकडे वळली. "आणि तीन वाट्या कुणी घेतल्या? वर पातेलं कुणी खरवडलं?"

मी नळाकडे गेलो. तोंडातला फेस वाळायला लागला होता.

बाहेरून दूधवाल्याचा आवाज आला. "आजी, बासुंदीवरून आठवलं. त्या दिवशी दोन लिटर जादा घेतलं होतं तुम्ही. ते कुठं मांडलंय?"

बराच वेळ पान उलटल्याचा आवाज येत राहिला. दोन लिटर कुठंच मांडलं नव्हतं. आईनं नऊ लिटरचे आणि वरच्या दोन लिटरचे पैसे मोजून दिले, पेन दोऱ्यासकट ओढलं आणि कालनिर्णय पुन्हा खिळ्याला अडकवलं.

जाताना त्यानं किटली उचलली आणि दारातून आत डोकावून म्हणाला, "आजी, साहेबांचं पुढच्या महिन्यापासून निळ्या पेनानं लिहीत चला."