आपलं असंच, कधीतरी

आपण लेखक आहोत हे कबूल करायला मराठी माणूस फार लाजतो. वह्याच्या वह्या भरलेल्या असतात, दिवाळी अंकांकडे गेलेली पाकिटं ‘साभार परत’ होऊन आलेली असतात. तरी कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, ‘छे हो, आपलं असंच कधीतरी खरडतो.’ याला विनय म्हणावं, तर तसंही नाही. मिसळ, राजकारण आणि शेजाऱ्याच्या मुलाने कुठल्या शाखेला जावं, या तिन्ही विषयांत हाच माणूस अधिकारवाणीने बोलतो. लेखणीपाशी आला की तेवढं अंग चोरतो.

मला वाटतं, दोष घरच्यांचा आहे. घरात कोणी लिहीत बसलेलं दिसलं की पहिला प्रश्न, ‘कसला अर्ज?’ दुसरा, ‘छापून येणार आहे का?’ आणि तिसरा, म्हणजे खरा, ‘देतात किती?’ याचं उत्तर ऐकल्यावर चौथा प्रश्न येत नाही. दळणाचा डबा पुढे येतो.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त बँकवाले. त्यांच्या सूचना वाचायला बी विंगमधली माणसं मुद्दाम आमच्या फळ्यापाशी येतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया रोज थोड्या थोड्या कमी होत आहेत. कावळ्यांवर संशय नाही. खाऊन झाल्यावर साडी पुन्हा नीट झाकून ठेवायची रीत कावळ्यांत नाही.’ गुन्हा, पुरावा आणि नाव न घेता आरोपीसुद्धा! मी म्हटलं, ‘काका, तुम्ही लेखक आहात.’ तर दचकलेच. ‘काहीतरीच काय! लेखक म्हणजे पु. ल.!’

आता पु. ल. लेखक होते याबद्दल वादच नाही. पण म्हणून बाकीच्यांनी गप्प बसायचं, तर मराठीत फार थोडी पुस्तकं उरली असती. लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने आली आणि अजून हसवतात, रडवतात. अण्णा भाऊ साठ्यांची शाळा दीड दिवसाची, आणि 1959 ची ‘फकिरा’ त्यांची. बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखच नव्हती. त्या घरात-शेतात राबताना गात होत्या. मुलाने, सोपानदेवांनी, ती गाणी कागदावर उतरून घेतलेली होती आणि आईच्या मागे ती आचार्य अत्र्यांना दाखवली, म्हणून 1952 साली पुस्तक निघालं.

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे. त्यांचं छोटंसं दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या आधी वाचून काढायच्या, मग तिच्यात माल बांधायच्या. गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या. लिहिलेलं नवऱ्याच्या, घरच्यांच्या हाती लागू नये म्हणून लपवून ठेवायच्या, आणि तेही थोडेथोडके दिवस नाही, वीसेक वर्षं. फलटणला राहून काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांना त्या लिखाणाचा पत्ता लागला आणि त्यांनी ते छापायचा आग्रह धरला. ‘जिणं आमुचं’ म्हणून आपण वाचतो ते हेच. ते कागद दुकानातच राहिले असते तर कधीतरी कुणाच्या तरी पावशेर साखरेची पुडी झाले असते!

सोपानदेव, मॅक्सीनबाई ही माणसं मला फार मोठी वाटतात. लिहिणाऱ्याचं कौतुक करायला पुढे खूप जण येतात. छापून येण्याआधी ‘दाखवा बघू’ म्हणणारा एखादाच असतो. आपल्याकडे टंचाई आहे ती त्याची. लिहिणारे घरोघरी आहेत. कुणाची मामी पाककृतींच्या वहीत समासात टिपते, ‘करंजी चिवट झाली, भाऊजींनी तीन खाल्ल्या, चवीचं त्यांना काही कळत नाही.’ कुणाचे आजोबा चारधामच्या हिशेबाच्या डायरीत घोड्याच्या भाड्याखाली घोड्याचा स्वभाव लिहून ठेवतात. हे सगळे लेखकच. प्रमाणपत्र देणारं कुठलंही कार्यालय नसल्यामुळे त्यांना ते कळलेलं नाही, इतकंच.

तेव्हा ज्यांच्या घरात असं कोणी खरडणारं असेल, त्यांनी मानधनाची चौकशी जरा लांबणीवर टाकावी आणि आधी वही मागावी. आणि जे खरडतात, त्यांनी ती पाठीमागे लपवू नये. अक्षर वाईट असेल तर वाचून दाखवावं.