नऊ इंची भिताड

वर्ध्यात सध्या हॉल मोकळा करायची साथ आहे. जुन्या प्लॉटांवरची आमची घरं बिचारी ओळीने बांधलेली. समोर छपरी, मग बैठक, मग स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि विहीर. त्यातही आमचं घर वेतन आयोगाच्या चालीने वाढलं. चौथ्या आयोगात बैठक आणि स्वयंपाकघर झालं, पाचव्यात मागची खोली, सहाव्याच्या थकबाकीत जिना. सातव्यापर्यंत बाबा निवृत्त झाले म्हणून बांधकाम थांबलं, नाहीतर आज विहिरीवरही स्लॅब असता.

पुण्याहून लेक आली ती मोबाइलमध्ये फोटो घेऊनच. त्यातल्या एकाही घरात बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नव्हती. बायकोला फोटो आवडले. बाबा एवढंच म्हणाले, "ती भिंत चौथ्या आयोगाची आहे." त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता.

मिस्त्री आला. त्याने भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक केलं, कान लावला, पट्टी धरली. "नऊ इंची हाय साहेब. साडेचारची असती त दुपारपर्यंत पाडून देल्ली असती. याच्यावर स्लॅब बसला हाय."

"मग पाडता येणार नाही?"

"येते ना बाप्पा! आधी गर्डर टाकाव लागन. तसंच पाडलं त स्लॅब खाली येईन. मंग घर पुरंच मोकयं."

आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे इथल्या भिंतींना आधीच तडे असतात. मिस्त्रीने आमच्या भिंतीतला कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत गेलेला तडा दाखवला आणि म्हणाला, "पाहा, तिलेबी जायचंच होतं." मग बल्ल्यांचे टेके लागले, लोखंडी गर्डर चढला, घण चालला. धुळीबद्दल काही सांगत नाही. लोणच्याच्या बरणीबद्दल तर नाहीच.

हॉल झाला. मोठा झाला, देखणाही झाला. आणि मे महिना आला.

पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की वर्ध्यात माणसं कूलरच्या तोंडाशी राहतात. पत्ता फक्त टपालासाठी असतो. जुनी बैठक आमचा कूलर झटक्यात गार करायचा. आता त्याला बैठक, स्वयंपाकघर आणि पेटलेला गॅस अशा तिघांना गार करायचं होतं. त्याचा वारा सरळ शेगडीवर. गॅसची निळी ज्योत आडवी व्हायची, दूध तापायच्या ऐवजी ओटा तापायचा. शेवटी तह झाला: कूलर चालू तर गॅस बंद, गॅस चालू तर कूलर बंद. पोळ्या होईस्तोवर सगळं घर घामाने निथळत बायकोकडे पाहायचं आणि ती, इतकी वर्षं जे भिंतीआड एकटीच सोसत होती ते सर्वांना मिळालेलं पाहून, जराही घाई करायची नाही. मला वाटतं, मोकळ्या हॉलचा खरा फायदा हाच.

फोडणीच्या मिरचीने सगळे खोकायला लागले, तेव्हा बाबांनी सेवाग्राम काढलं. वर्ध्याच्या माणसाला वाद जिंकायचा असला की तो आठ किलोमीटरवरून गांधीजींना आणतो. १९३६ साली गांधीजी तेव्हाच्या शेगावात राहायला आले, तेव्हा घर अगदी थोडक्या खर्चात व्हावं ही त्यांची अट होती. ते आदी निवास. मधला एकच मोठा हॉल. त्यातच बापू, त्यातच बा, प्यारेलाल, खान अब्दुल गफार खान, तुकडोजी महाराज, शिवाय येणारे-जाणारे. "तुमच्यापेक्षा मोकळा हॉल," बाबा म्हणाले. "पुढे काय झालं? बायकांची अडचण व्हायला लागली. जमनालाल बजाजांनी बांसाठी वेगळी कुटी बांधून दिली. मीराबेनची कुटी होती, तिथे बापू गेले. म्हणजे महात्म्यांनाही एका हॉलमध्ये जमलं नाही, आणि तुम्ही गर्डर टाकून बसले."

यावर कोणी बोललं नाही. पण महिन्याभरात आमच्याही हॉलच्या कुट्या झाल्याच. लेकीने कानांवर हेडफोन चढवले. बाबांनी पेपर उभा धरून खिडकीजवळचा कोपरा अडवला. बायकोने फ्रिज आडवा फिरवला आणि त्याच्या बाजूला, भिंत होती बरोबर त्या रेषेवर, पडदा लावला. दांडी बसवायला मिस्त्रीच आला. त्याने गर्डरलाच हूक जोडले, मजुरी घेतली आणि पडदा लागायच्या आधी हॉलचा फोटो काढून स्टेटसला टाकला.

त्या फोटोवरून परवा मागच्या गल्लीतलं एक जोडपं हॉल पाहायला आलं. बायकोने पडदा सारून त्यांना गोरसपाक बिस्किटं दिली, गॅस चालू होता म्हणून कूलर बंद होता, आणि तव्यावर ठेच्याच्या मिरच्या होत्या. दोघंही डोळे पुसत, खोकत, रुमालाने वारा घेत चहूकडे पाहत होती.

"किती मोकळं मोकळं वाटते नाही!" वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी मिस्त्रीचा नंबर मागितला.

मी दिला.