मुसळी कोणासाठी? मित्रासाठी!

कलियुग म्हणतात ते हेच! माणसं त्र्यंबकेश्वरी येतात कशाला? कुशावर्तात बुडी मारायला, ज्योतिर्लिंगापुढे डोकं टेकवायला, पितरांची देणी फेडायला. आणि दर्शन उरकून बायको रुद्राक्षाच्या घासाघिशीत गुंतली, की महाशय हळूच सटकतात कुठे? जडीबुटीच्या पथारीकडे! मोठ्याने भाव विचारायचा हिरड्याचा, मग आवाज खाली, ‘जरा... ताकदीचं काही?’ विकणाराही बिलंदर. नाव-गाव, दुखणं-खुपणं काही विचारत नाही. सफेद मुसळी, अश्वगंधा, गोखरू, खाजकुइलीचं बी, शिलाजिताचं काळं ढेकूळ, भराभर पुड्या बांधतो. ‘कोणासाठी?’ ‘मित्रासाठी.’ हा मित्र अख्ख्या महाराष्ट्रात कुणी पाहिलेला नाही, पण त्याच्या औषधाला खिसे मात्र घरोघरचे रिकामे होतात.

आता या मुसळीचीच कथा ऐका. पहिला पाऊस पडला की तिचा कोवळा पाला फोडशी म्हणून सह्याद्रीतल्या आदिवासी घरांत कांद्यावर परतला जातो. आजी खाते, नातवंडं खातात, कुणाच्या अंगात काही संचारल्याचं ऐकलंय कधी? पण त्याच झाडाचं मूळ पुडीत गेलं की लागलीच रामबाण! वर शास्त्रीय नाव काय, तर क्लोरोफायटम बोरिविलिएनम. म्हणजे मुंबईचा गडी बोरिवलीहून निघतो, कसारा घाट चढतो आणि बोरिवलीचंच नाव लावलेलं मूळ घेऊन घरी परततो!

आणि सांड्याचं तेल? कच्छ-राजस्थानच्या वाळवंटातला तो गरीब सरडा, गवत खाऊन जगणारा. त्याची चरबी काढून चोळायची म्हणे! १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला हात लावायची बंदी आहे. पण पुरुषार्थ पणाला लागल्यावर कायदा आठवतो कुणाला?

विलायतवाले तरी सोवळे आहेत का? फायझर कंपनी शोधत होती हृदयशूळावरचं औषध. हृदय राहिलं बाजूला, भलत्याच खात्यात हालचाल झाली! २७ मार्च १९९८ ला अमेरिकेत व्हायग्राला परवानगी मिळाली. त्याच वर्षीचं वैद्यकाचं नोबेल कशाला? नायट्रिक ऑक्साइडच्या संशोधनाला. तोच वायू शिरा सैलावतो आणि त्याच्याच वाटेने ही गोळी काम करते. त्याआधी १९८३ मध्ये ब्रिंडली नावाच्या ब्रिटिश प्राध्यापकाने लास वेगासच्या परिषदेत कहरच केला. स्वतःला इंजेक्शन टोचून घेतलं आणि भर सभेत विजार उतरवून पुरावाच सादर केला! शिव शिव! (सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्यांचं काय झालं असेल, हा आपला चोंबडा प्रश्न.) मग छत्तीस तास टिकणारं टाडालाफिल आलं. पंप आहे, ऑपरेशन करून बसवायची कांडी आहे. काय म्हणून काय नाही?

नाही तो फक्त डॉक्टरपुढे बसायचा धीर. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून र. धों. कर्वे वाचकांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते, तर आपण त्यांना कोर्टात खेचलं. १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी दंड झालाच. आणि खानदानी दवाखान्याचा तंबू? तो ऐटीत उभा. १९५४ च्या कायद्याने असल्या जाहिराती बंद आहेत, पण रस्त्याकडेच्या भिंती वाचा की जरा! वाचता म्हणा तुम्ही. गाडीतून मान वळते ती काय डोंगर बघायला?

बरं, पुडीने कधी खरंच गुण आला तर फार हुरळू नका. ‘शंभर टक्के हर्बल’ म्हणवणाऱ्या मालात गुपचूप कुटून घातलेलं व्हायग्रातलंच सिल्डेनाफिल अमेरिकेच्या औषध खात्याने कितीदा तरी पकडलंय. तेव्हा तुमच्या त्या मित्राला निरोप द्या. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवत असेल तर व्हायग्रासारखी गोळी नको आणि असली अनोळखी पुडीही नको, कारण सॉर्बिट्रेटशी त्यांची गाठ पडली की रक्तदाब धाडकन कोसळतो. सिगरेट सोड म्हणावं, साखर आणि बीपी तपास. शिरा तुंबू लागल्या की हृदयाआधी पुष्कळदा इथेच बोंब होते. आणि डॉक्टरकडे त्याला स्वतःलाच जायला सांगा, मित्राच्या नावाने तपासणी होत नाही.