हलकं अंथरूण, जड संसार

सिएटल, जुलैअखेर

ती. आई व ती. बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. तुमच्या चिरंजिवांनी स्वयंपाकघरात नवा तराजू आणलाय, पण त्यावर रवा मोजायची मला परवानगी नाही. तिथे पायमोजे, चमचे आणि टॉर्च ग्रॅममध्ये मोजले जातात. ऑगस्टमध्ये माउंट रेनियरवर, समरलँड नावाच्या तळावर मुक्कामाला जायचंय. उंची अठराशे मीटर, रस्ता पायवाटेचा, हमाल कोणी नाही, घर पाठीवर. टूथब्रशचा दांडा अर्धा कापून झाला. स्वतःच्या पोटाचं वजन यादीत नाही, आणि तो विषय मी काढलेला नाही.

घोडं अडलंय अंथरुणापाशी. आई, तुम्ही फोनवर म्हणालात, "एक गोधडी न्या की!" पण गोधडी तीन किलोंची. तेवढ्यात इथले लोक तंबू, स्लीपिंग बॅग आणि अंथरूण तिन्ही बसवतात.

शिवाय खरी थंडी खालून येते म्हणे. स्लीपिंग बॅगेतली पिसं अंगाखाली दबली की त्यांच्यातली हवा जाते, आणि तिच्याबरोबर ऊबही. मग जमीन रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहते. म्हणून अंथरुणाला आर-व्हॅल्यू असते; आकडा मोठा, तेवढी गारठ्याला आडकाठी जास्त. पूर्वी कंपन्या आपापल्या पद्धतीने मोजायच्या. २०१८ साली एकच प्रमाण पद्धत ठरली आणि सगळ्यांची तुलना शक्य झाली. तुलना शक्य झाली म्हटल्यावर चिरंजिवांनी एक्सेल उघडलं.

पहिलं स्थळ घडीच्या फोमचं. बाबा, राजगडावर पद्मावतीच्या देवळात तुम्ही अंथरायचात त्या कॅरीमॅटचीच ही अमेरिकेतली मावसबहीण. वजन ४१० ग्रॅम, आर-व्हॅल्यू २, किंमत माफक. काट्यावर टाका, दगडावर टाका, तक्रार नाही. मात्र जाडी जेमतेम दोन सेंटिमीटर, त्यामुळे खालच्या प्रत्येक खड्याशी कमरेची ओळख होते.

दुसरं हवा भरायचं. ३७० ग्रॅम, आर-व्हॅल्यू ४.५, गुंडाळलं की पाण्याच्या बाटलीएवढं. किंमत दोनशे डॉलरच्या घरात. आत ऊब परतवणारे चकचकीत पापुद्रे असतात. दुकानात चिरंजीव त्यावर आडवे झाले आणि कुशीवर वळले, तेव्हा कोणीतरी वेफर्सचं पाकीट फोडल्यासारखा आवाज झाला. तुमची नात लगेच "मलापण!" म्हणाली.

तिसरं आपोआप फुगणारं. त्याचं माहेर इथलंच. १९७१ च्या आसपास बोइंगने हजारोंना नारळ दिला. त्यातल्या एका इंजिनिअरला बागेत गुडघ्यांखाली फोमचा तुकडा घेऊन काम करताना सुचलं, की असा फोम हवाबंद पिशवीत घातला तर? त्यातून पुढे थर्मारेस्ट निघालं. मीही चिरंजिवांना बागेत खुरपायला बसवून पाहिलं. कल्पना काही सुचली नाही, कंबर तेवढी धरली. हे अंथरूण मऊ आहे, पण वजनाला जास्त. तराजूने पहिल्याच फेरीत नापास केलं.

अखेर हवेवाल्याची सरशी झाली. हिशेब पक्का, पाठीवरचे ग्रॅम वाचले, घरात विजयोत्सव. रात्री मात्र चिरंजिवांना झोप लागेना. "भोक पडलं तर?" मग पुन्हा एक्सेल. तेव्हा शोध लागला की दोन अंथरुणं एकावर एक घातली तर आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. खाली फोम, वर हवा. काटाही लागणार नाही आणि एकूण साडेसहा! फोम कोणी उचलायचा, हे एक्सेलमध्ये नव्हतं. तो माझ्या सॅकला बांधलाय. तेव्हा चिरंजिवांची सॅक आमच्या मित्रमंडळींत सर्वांत हलकी ठरली आहे, आणि ते इतरांना सल्ले देत आहेत.

काळजी करू नका. तिथे काळी अस्वलं आहेत, पण खाण्याचं सगळं रात्री तंबूबाहेर उंच खांबाला टांगायचा नियम आहे.

कळावे, लोभ असावा.

तुमची सून

ता. क. तुम्ही पाठवलेले डिंकाचे लाडू नेतोय, दीड किलो. ते तराजूवर ठेवायची गरज नाही, असं चिरंजीव म्हणाले. म्हणजे लाडू हवेशीर खांबावर आणि आम्ही जमिनीवर. मुक्कामात सोय त्यांचीच बरी आहे.