सभ्य गृहस्थांचे उद्योग

‘सभ्य गृहस्थांचा खेळ’ म्हणे! इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या ॲशेस क्रिकेट मालिकेचं नाव निघालं की मंडळी लगेच सोवळ्यात असल्यासारखी बोलायला लागतात. पण या घराण्याची जुनी प्रकरणं कुणी उकरलीत का? नका उकरू. घरात लहान मुलं असतात.

१८७७ ची मेलबर्नची पहिलीच कसोटी घ्या. इंग्लंडचा यष्टिरक्षक पूली होता कुठे? न्यूझीलंडात अडकलेला, पैजेपायी झालेल्या मारामारीचा खटला अंगावर घेऊन! पुढच्याच वर्षी तर अपहरण. ऑस्ट्रेलियाचा मिडविंटर लॉर्ड्सवर फलंदाजीला निघायच्या बेतात, तेवढ्यात डब्ल्यू. जी. ग्रेस घोडागाडी घेऊन हजर. हा आमच्या ग्लॉस्टरशायर कौंटीचा, म्हणत त्याला उचलला तो थेट ओव्हलवर नेला. आणि मिडविंटरही काही कमी नाही हं! आधी ऑस्ट्रेलियाकडून, मग इंग्लंडकडून, मग पुन्हा ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळला. दोन्ही घरचा पाहुणचार.

१८८२ च्या ओव्हलवर तर कहरच झाला. धाव पूर्ण करून ऑस्ट्रेलियाचा बिचारा जोन्स खेळपट्टी थोपटायला क्रीझबाहेर पडला, तर दाढीवाल्या ग्रेसबुवांनी गुपचूप बेल्स उडवल्या. धावबाद! नियमात बसतं हो, पण जनाची नाही तरी मनाची? त्यांचा गोलंदाज स्पॉफर्थ असा खवळला की त्याने सामन्यातले आपले बळी चौदावर नेले. इंग्लंडला जिंकायला अवघ्या ८५ धावा हव्या होत्या, आणि साहेब ७७ वर गारद. त्यातही गंमत बघा. त्याच मोसमात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन शतकं ठोकणारा स्टड समोर उभा, आणि शेवटचा गडी पीट आडवीतिडवी बॅट फिरवून बाद. वर म्हणतो काय, तर स्टडवर भरवसा नव्हता!

मग ‘स्पोर्टिंग टाइम्स’ने इंग्लिश क्रिकेटची मृत्युवार्ताच छापली: दहन होणार, रक्षा, म्हणजे हीच ‘ॲशेस’, ऑस्ट्रेलियाला जाणार. ती परत आणायला म्हणून इंग्लंडचा कर्णधार आयव्हो ब्लाय निघाला. रक्षा कसली आणतोय! मेलबर्नजवळच्या रूपर्ट्सवूड वाड्यात त्याला भेटली संगीतशिक्षिका फ्लॉरेन्स मॉर्फी. ‘ही घ्या रक्षा’ म्हणून विनोदाने हातात आलेला चार इंची कुंभ राहिला बाजूला, १८८४ मध्ये स्वारी बोहल्यावर!

आता त्या कुंभात आहे काय? जळलेली बेल, असं सगळे सांगतात. पण १९९८ मध्ये ब्लायच्या सूनबाईंनी बॉम्ब टाकला: बेलबिल काही नाही, तो सासूबाईंचा जाळीचा बुरखा आहे! आणि लॉर्ड्सवाले तोच काचेत ठेवून जपताहेत.