‘सी’ म्हणजे गरम

आमच्या लग्नाला ३४ वर्षं झाली, त्या निमित्तानं लेकीनं आम्हा दोघांना इटलीला पाठवलं. टूर कंपनीबरोबर नाही. “बाबा, सकाळी साडेसहाला नाश्ता, सातला बस आणि दहा दिवसांत सात देश, असलं काही करायचं नाही. निवांत फिरा.” टूरबरोबर जाणाऱ्यांना संध्याकाळी वरण-भात मिळतो, हे मी तिच्या कानावर घातलं. पण तोवर विमानाची तिकिटं निघाली होती.

मी ३६ वर्षं बँकेत काढलेला माणूस. कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघणारा. दोन महिने अभ्यास केला. तीन फायली केल्या: निळी तिकिटांची, हिरवी हॉटेलांची आणि लाल आणीबाणीची. हिनं अडीच किलो भडंग केलं, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि बॅगेत एक प्लास्टिकचा तांब्या टाकला. झाली हिची तयारी.

आता मागे वळून बघताना एक गोष्ट लख्ख दिसते. जिथं मला काहीच कळत नव्हतं, तिथं आमचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते सगळं मला कळत होतं तिथं.

सुरुवात पहिल्याच संध्याकाळी झाली. रोमच्या हॉटेलातल्या न्हाणीघरात टबाच्या वर छताजवळून एक पांढरी दोरी लोंबत होती. “कपडे वाळत घालायची सोय आहे,” मी म्हणालो. “फाईलमध्ये आहे?” हिनं विचारलं. “हे काय फाईलमध्ये असायला हवं का?” हिनं माझा बनियन पिळून त्या दोरीला गाठ मारून टांगला.

नळाला दोन चाव्या. एकीवर इंग्रजी सी, दुसरीवर एफ.

“सी म्हणजे कोल्ड,” मी जाहीर केलं.

“आणि एफ?”

खरं तर तिथं एच असायला हवा होता. मी क्षणभर थांबलो. “फायर असणार. त्याला हात लावू नकोस.”

अठरा तासांच्या प्रवासानं अंग आंबलेलं होतं. गार पाण्याखाली उभं राहावं म्हणून मी सी पूर्ण फिरवला. त्यानंतर मी जे ओरडलो ते कोणत्याही भाषेतलं नव्हतं. इटालियनमध्ये काल्दो म्हणजे गरम आणि फ्रेद्दो म्हणजे गार. ज्या रोमनं जगाला ही लिपी दिली, त्यानं सी हे अक्षर गरम पाण्याला दिलं तर तक्रार कुणाकडे करायची?

भाजलेला माणूस हाताला लागेल ते धरतो. माझ्या हाताला बनियन लागला. म्हणजेच दोरी. टबात कुणी घसरून पडलं तर ओढायची ती धोक्याची दोरी असते आणि इटलीतल्या हॉटेलांत ती सर्रास असते, हे खालून धावत आलेल्या पोरामुळे कळलं. मी पंचा गुंडाळून पलंगाआड उभा. तो दारात धापा टाकत विचारतोय, “तुत्तो बेने?” म्हणजे सगळं ठीक ना?

हिनं दार सताड उघडलं आणि शुद्ध सांगलीच्या मराठीत सांगितलं, “काही नाही रे बाळा. ह्यांना जरा भाजलं. ये, बस.” त्याला ते कसं कळलं कोण जाणे, पण तो खाली जाऊन पेलाभर बर्फ घेऊन आला. हिनं त्याच्या हातावर मूठभर भडंग ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही जिन्यावरून उतरलो की तो आधी हिच्या पिशवीकडे बघायचा.

त्याच न्हाणीघरात कमोडशेजारी आणखी एक बसकं भांडं होतं, नळासकट. मी पाय धुवायचं ठरवलं. हिनं नीट निरखून पाहिलं, स्वतःशीच मान डोलावली आणि तांब्या बॅगेच्या तळाशी नेऊन ठेवला.

“ह्याला बिदे म्हणतात,” मी फोनमध्ये बघून वाचलं.

“कोण भिडे?”

“बिदे. १९७५ पासून इथं कायदाच आहे. प्रत्येक घरात निदान एका न्हाणीघरात असलाच पाहिजे.”

“शहाणी माणसं आहेत,” ही म्हणाली. दुसऱ्या दिवशी दोन हजार वर्षांपूर्वीचं कलोसियम दाखवलं, तेव्हाही हिच्या मतात फार भर पडली नाही. इटली सुधारलेला देश आहे, हा निकाल आदल्या रात्रीच लागला होता.

सकाळी कॉफी. आपल्याकडे मॉलमध्ये लाटे मागतात तशी मी ऐटीत ऑर्डर दिली, “लात्ते!” समोर पेलाभर थंड दूध आलं. लात्ते म्हणजे इटालियनमध्ये नुसतं दूध. मागितलं लात्ते आणि बसली लाथ. “घ्या, विरजण लावा,” असं म्हणून ही काउंटरशी गेली, शेजारच्या बाईच्या कपाकडे बोट दाखवलं आणि फेसाळ कपुचिनो घेऊन तिथंच उभ्या उभ्या प्यायली. तिथं उभ्यानं प्यायलेली कॉफी स्वस्त आणि टेबलावर बसून तीच महाग. मी माझं दूध बसून प्यायलो.

जेवणाची सूत्रं माझ्याकडे होती, कारण ही शाकाहारी. पिझ्झ्याची यादी घेऊन मी लाल पेनानं खुणा केल्या. ‘पेपेरोनी’ खोडलं. ते मांस असतं हे अमेरिकेतल्या भाच्याकडे राहून आलेल्याला कुणी शिकवायला नको. ‘मरिनारा’ खोडलं, मरीन म्हणजे समुद्र, तेव्हा त्यात मासे. उरला मार्गेरिटा. चार दिवस, सात वेळा, मार्गेरिटा.

आठव्या वेळी, फ्लॉरेन्समध्ये, शेजारच्या टेबलावर एक पेपेरोनी आणि एक मरिनारा आले. पेपेरोनीवर तांबड्या-पिवळ्या ढोबळ्या मिरच्यांच्या फोडी चमकत होत्या. पेपेरोनी म्हणजे इटलीत ढोबळी मिरचीच. मरिनारावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. मासा सोडा, चीजसुद्धा नाही. ही बराच वेळ त्या दोन ताटल्यांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

“काही बोलायचंय का?” मी विचारलं.

“काही नाही.”

फ्लॉरेन्सला पोचणंही सरळ झालं नव्हतं. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर उतरल्या उतरल्या मी हिला सांगितलं होतं, तेर्मिनी म्हणजे टर्मिनस. तेही चूक. जवळच डायोक्लेशियन बादशहाची जुनी स्नानगृहं आहेत. त्या ‘थर्मी’वरून हे नाव पडलं. म्हणजे इथंही गरम पाणीच! निघायच्या दिवशी फलकावर फ्लॉरेन्सची गाडी कुठंच नाही आणि गाडी सुटायला अकरा मिनिटं. मी निळी फाईल घेऊन चौकशीच्या खिडकीकडे पळालो. ही जागची हलली नाही. तिकिटावरचा नंबर आणि फलकावरचा नंबर ताडून म्हणाली, “ही फिरेंझे कुठली ती आपलीच दिसतेय. नंबर जुळतोय, मग चढा ना.” फ्लॉरेन्सला तिथले लोक फिरेंझे म्हणतात. ते माझ्या फाईलमध्ये होतं, पण हिरव्या.

पिसाच्या गाडीत मात्र खरा दणका बसला. तासाभराचा पॅसेंजरसारखा प्रवास. तिकिटं काढली, खिडकी मिळाली, भडंगाचा डबा उघडला. टीसी आला. मी रुबाबात तिकिटं पुढे केली. त्यानं ती उलटी केली, सुलटी केली आणि मान हलवली. झालं असं होतं, की अशा गाडीच्या कागदी तिकिटावर गाडीची वेळ बांधलेली नसते. चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात ते घालायचं, टक्क आवाज होतो, तारीख-वेळ उमटते, तेव्हा ते वापरलं असं धरतात. शिक्का नसेल तर तेच तिकीट पुन्हा चालवता येईल, म्हणून दंड.

“पण पैसे भरलेत!” मी म्हणालो. त्यानं यंत्र दाबल्याची खूण केली. टक्क. दंडाचे रुपये किती झाले ते मी अजून घरात सांगितलेलं नाही.

“आयुष्यभर काय केलंत बँकेत?” हिनं खिडकीबाहेर बघत विचारलं.

“शिक्के मारले,” मी कबूल केलं.

पिसाचा मनोरा बघून मला जरा धीर आला. ११७३ मध्ये काम सुरू झालं. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताहेत तोवर दक्षिणेकडची भुसभुशीत जमीन खचली आणि मनोरा कलला. थांबून थांबून काम सुमारे दोनशे वर्षं चाललं. वरचे मजले बांधताना कललेली बाजू जरा उंच करून तोल सावरायचा प्रयत्न केला, त्यामुळे मनोरा नुसता कलला नाही, किंचित वाकडाही झाला. चूक कबूल न करता पुढचं काम रेटत राहायचं! मला तो मनोरा घरचाच वाटला. १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद केला, उत्तरेकडच्या पायाखालची माती थोडी थोडी काढून अर्ध्या मीटरच्या आसपास मागे आणला आणि २००१ मध्ये पुन्हा उघडला.

हिरवळीवर शेकडो माणसं हात हवेत धरून मनोऱ्याला टेकू देत होती. “तूही धर ना,” मी म्हटलं. “घरी तेच करते,” ही म्हणाली आणि नमस्काराच्या फोटोला उभं राहतात तशी ताठ उभी राहिली. मी फोटो काढला. रात्री बघितलं तर मनोरा ओळंब्यात सरळ आणि ही पंधरा अंशांत कललेली. फोटो अजून लेकीच्या फोनवर आहे, आणि आता अर्ध्या सांगलीच्याही.

शेवटी व्हेनिस. शंभरावर बेटं, चारशेच्या वर पूल, आणि गाडी म्हणून सायकलसुद्धा नाही. चाकांची बॅग पुलाच्या पायऱ्यांवरून चढवायची, उतरवायची, की पुढचा पूल. एका गल्लीत काचेच्या मण्यांचं दुकान लागलं. इथल्या भट्ट्यांमुळे शहराला आग लागेल या भीतीनं १२९१ मध्ये काच कारागिरांना शेजारच्या मुरानो बेटावर धाडलं, ते मी हिला सांगत होतो. हिचं लक्ष नव्हतं. समुद्रासारख्या हिरव्या-निळ्या मण्यांची एक माळ हातात घेऊन ती उन्हात धरून बघत होती.

“घ्यायची?” मी विचारलं.

“छे, काही नको.” माळ परत ठेवली.

मला हायसं वाटलं. ती संध्याकाळ ही गप्प होती. “काय झालं?” “काही नाही.” रात्री मी छताकडे बघत पडलो होतो, तेव्हा डोक्यात टक्क झालं. सी म्हणजे कोल्ड नाही. लात्ते म्हणजे कॉफी नाही. मग ‘काही नको’ म्हणजे काही नको, हे मला कुणी सांगितलं? ३४ वर्षं मी तो शब्द ओळखीचा म्हणून तसाच घेत आलो होतो.

सकाळी ‘लात्ते आणतो’ म्हणून बाहेर पडलो. तो एक शब्द तरी आता पक्का येत होता.

व्हेनिसात पत्ता ही कल्पना निराळी आहे. शहराचे सहा भाग, आणि घरांना रस्त्याप्रमाणे नाही तर भागाप्रमाणे नंबर. ते चार आकडी होऊन पुढे जातात. भिंतीवर पिवळ्या पाट्या असतात. एका कोपऱ्यावरच्या पाटीवर तोच चौक दोन्ही दिशांना दाखवलेला होता. मी डावीकडे गेलो. गल्ली पाण्यात संपली. उजवीकडे गेलो, त्याच पुलावर आलो, जिथं तो काळा कुत्रा मघाशीही बसला होता. तिसऱ्यांदा आलो तेव्हा कुत्र्यानं शेपटी हलवली. तासाभरानं दुकान सापडलं, म्हणजे मी दुसरीकडे चाललेला असताना ते मध्ये आलं. माळ घेतली. आता हॉटेल कुठं?

फोन वाजला. “दूध काढायला गेलात का म्हशीचं? कुठं आहात?”

“पाण्याजवळ.”

पलीकडे जरा शांतता. “अहो, व्हेनिसमध्ये पाण्याजवळ! जरा आणखी सांगा.”

“एक पूल दिसतोय.”

“असं करा,” ही लहान मुलाला सांगतात तसं म्हणाली, “कुणालाही नुसतं रिआल्तो म्हणा आणि बोट करतील तिकडे चला. मी तिथं येते.”

१५९१ साली पूर्ण झालेल्या त्या दगडी पुलाच्या मधोमध ही उभी होती. हातात भडंगाची पिशवी.

“दूध?”

मी पुडी पुढे केली. तिनं माळ बाहेर काढली, उन्हात धरली, पुन्हा कागदात गुंडाळली, पुन्हा काढली. “कशाला उगाच खर्च केलात? मी काही म्हटलं होतं का?”

काही म्हटलं नव्हतं खरं. मी यावेळी भाषांतर न करता गप्प राहिलो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. आत बायका माळ हातात घेऊन बघत होत्या, आणि ही सांगत होती, “मी नको नको म्हणत होते, पण ह्यांनी ऐकलं तर ना. शहरभर वणवण फिरले.”

पिसाचा तो टीसी एका बाबतीत बरोबर होता. नुसतं तिकीट काढून भागत नाही. टक्क असा आवाज आला, की मगच प्रवास धरतात.